टाकीचा की बिनटाकीचा

घर आणि पाणी तापवणारा बॉयलर काही केल्या पेटत नव्हता. बटण दाबलं की आत टकटक व्हायचं, एक उसासा निघायचा आणि पुन्हा सगळं थंड. डेरेक हॉलिंग्जनं सकाळपासून ते बटण इतक्यांदा दाबलं होतं की अंगठा दुखायला लागला होता. अंगात दोन स्वेटर, वर बस कंपनीचा जुना कोट, डोक्यावर लोकरी टोपी, असा हा गडी आपल्याच स्वयंपाकघरात उभा. नोव्हेंबर संपत आला होता आणि घरात श्वास सोडला तरी वाफ दिसत होती.

एकट्याचा प्रश्न असता तर त्यानं वसंत येईपर्यंत कोटातच दिवस काढले असते. इंग्लंडातल्या आमच्या टॉडमॉर्डनची माणसं तशीच. थंडी वाजते असं म्हणायचीसुद्धा त्यांना लाज वाटते. पण शुक्रवारी ब्रेंडा, म्हणजे त्याची बायको, घरी यायची होती. खुबा मोडून ती महिनाभर हॉस्पिटलात पडून होती, त्यात हृदय नाजूक. घर गरम नसेल तर सोडणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

आणि नेमकी इथंच या बाबानं माती खाल्ली. त्याच सकाळी, म्हणजे बुधवारी, वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "घर गरम आहे ना, मिस्टर हॉलिंग्ज?" बाई घाईत होती, मागं कुणीतरी कण्हत होतं. तिला आपलं रडगाणं कशाला ऐकवा, म्हणून हा म्हणाला, "हो हो, अगदी छान आहे." "मग परवा सकाळी पाठवते त्यांना," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आता काय करायचं? खरं सांगावं तर ब्रेंडा तिथंच अडकणार, नाहीतर कुठल्यातरी वृद्धाश्रमात तिची रवानगी होणार. न सांगावं तर ती या बर्फाच्या पेटीत येणार.

नवा बॉयलर आणायचा, एवढंच तर होतं. पण डेरेकनं जन्मात कधी काही निवडलं नव्हतं. उभं आयुष्य बस चालवली, तीही ठरलेल्या रस्त्यानं, ठरलेल्या थांब्यांवरून. ब्रेंडा त्याच बसमधून गिरणीत कामाला जायची, रोज पुढच्या सीटवर बसून. दोन वर्षं हा नुसता "आज हवा बरी आहे" म्हणत राहिला. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "हे बघ, तू विचारणार आहेस, की मी उद्यापासून दुसऱ्या बसनं जाऊ?" तेव्हा कुठं लग्न झालं. त्यानंतर घर कुठलं घ्यायचं, पडदे कसले लावायचे, सुट्टीत कुठल्या समुद्रावर जायचं, याच्या पँटचा रंग कोणता, सगळं तीच ठरवायची. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख कधी आणि किती करायचं हेही जणू तिनंच ठरवलं. लोक हसायचे. डेरेकही हसायचा, कारण तो खरोखरच सुखात होता.

म्हणून त्यानं तिलाच फोन लावला.

"अगं, बॉयलर गेला."

"मग नवा घे."

"हो, पण कुठला? टाकीचा की बिनटाकीचा?"

पलीकडं चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ब्रेंडा म्हणाली, "मी नाही सांगणार. तू ठरव, डेरेक."

"असं काय करतेस? मला त्यातलं काय कळतं?"

"नसेल कळत तर कळून घे. माझं सूप गार होतंय." आणि तिनं फोन ठेवून दिला.

ती रागावली, असंच त्याला वाटलं. एवढ्या वर्षांत "तू ठरव" हे शब्द त्यानं तिच्या तोंडून ऐकले नव्हते. खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून दारात, दारातून पुन्हा खोलीत, पायाला भिंगरी लागल्यासारखा तो फिरत राहिला. शेवटी कुंपणापलीकडं शेजारीण हिलरी कचऱ्याचा डबा ढकलताना दिसली, तेव्हा तिलाच त्यानं गाठलं.

"बिनटाकीचा घे, डोळे मिटून," हिलरी म्हणाली. "नळ सोडला की गरम पाणी. फक्त आपण अंघोळीला बसलो आणि खाली कुणी नळ सोडला, तर अंगावर गारढोण येतं. माझी बहीण आली की मुद्दाम सोडते मेली."

"पण भरवशाचा आहे ना?"

"बहिणीपेक्षा आहे."

एवढ्यानं डेरेकचं काय समाधान होणार? दुपारी नदीम आला. नदीम बॉयलर बसवायचं काम करतो. त्याचं सगळं शाळकरी वय डेरेकच्याच बसमध्ये गेलेलं, त्यामुळं दोघांत आडपडदा नव्हता. त्यानं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि मान हलवली.

"काका, हा आटोपला. आतला मुख्य भाग चिरलाय आणि तो आता कुणी बनवतही नाही. बिनटाकीचा टाका. आजकाल सगळे तोच घेतात. वरच्या कपाटातली टाकी काढून टाकू, जागा मोकळी होईल."

"आणि टाकीचा घेतला तर?"

"तोही चालतो. गरम पाणी साठून राहतं, आणि उद्या बॉयलर रुसला तरी टाकीत विजेची कांडी आहे, अंघोळीपुरतं पाणी तापतं."

"मग त्यातला भरवशाचा कोणता?"

नदीम हसला. "खरं सांगू? घराच्या मापाचा घ्यायचा, उगाच मोठा नाही. जुन्या नळ्यांमधला गाळ धुऊन काढायचा आणि दरवर्षी साफ करून घ्यायचा. मग दोन्ही भरवशाचे. धुणं मी करीन, साफ करायला दरवर्षी मला बोलवा. पण टाकी ठेवायची की काढायची, ते तुमचं तुम्ही बघा. दुकान बंद व्हायच्या आत फोन करा. उद्या दिवसभरात बसवून देतो."

म्हणजे हाही सांगायला तयार नाही. डेरेकला सगळ्या जगाचाच राग आला. पाय आपटत तो जिना चढला आणि न्हाणीघराशेजारचं ते कपाट त्यानं उघडलं. खाली तांब्याची गरम पाण्याची टाकी, वर लाकडी फळ्या. फळ्यांवर, टाकीची ऊब लागावी म्हणून, ब्रेंडानं रचलेले टॉवेल, चादरी, तिचा फ्लॅनेलचा झगा, याच्या बंड्या. रोज सकाळी न्हाणीघराच्या कडीला उबदार बंडी लटकलेली असायची. ती तिथं कुठून येते, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. आता त्यानं बंडीला हात लावला. ती गार होती, किंचित ओलसरही वाटली.

टाकी काढली की हे कपाट नुसतं कपाट राहणार. अंघोळ करून ब्रेंडा त्या मोडक्या खुब्यावर कशीबशी उभी राहील, आणि तिच्या खांद्यावर गार टॉवेल टाकायचा? त्याला ते सहनच होईना. त्यानं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला.

"नदीम, टाकीचा."

"नक्की? काका, लोक टाक्या काढतायत आणि तुम्ही ठेवताय."

"नक्की," डेरेक म्हणाला.

गुरुवारी नदीमनं नळ्यांतून काळं पाणी काढलं, नवा बॉयलर भिंतीवर चढवला, आणि दिवेलागणीला घर हळूहळू गरम व्हायला लागलं. डेरेकला मात्र चैन पडेना. या खोलीतून त्या खोलीत जाऊन तो गरम पाणी खेळणाऱ्या भिंतीवरच्या रेडिएटरना हात लावून बघत होता. हिलरीचं ऐकायला हवं होतं का? ब्रेंडा काय म्हणेल? कपाटातले सगळे टॉवेल त्यानं धुऊन वाळवले आणि बोळे करून पुन्हा फळ्यांवर कोंबले. घड्या घालायचं त्याला सुचलंच नाही.

शुक्रवारी ब्रेंडा आली. अँब्युलन्सच्या दोन माणसांनी तिला खुर्चीसकट उचलून बैठकीत आणलं. खुबा भरून येईपर्यंत म्हणून डेरेकनं खाली मांडलेल्या पलंगाकडे तिनं बघितलं, हातमोजे काढले आणि म्हणाली, "घर छान तापलंय. कुठला घेतलास?"

"टाकीचा," डेरेक छाती काढून म्हणाला. "तुझ्या कपाटासाठी. टॉवेल गरम राहतील."

ब्रेंडानं जिन्याकडे बघितलं. डेरेकचा चेहरा उतरला.

"चुकलं का गं?"

"मी आता तो जिना चढणार नाही, डेरेक," ती शांतपणे म्हणाली. "हृदय फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढची थंडी मला दिसेल असं वाटत नाही. फोनवर कसं सांगणार होते तुला? म्हणून म्हटलं, तू ठरव. तुला थोडी तरी सवय व्हावी म्हणून. आणि तू वेड्या, माझ्यासाठीच घेऊन बसलास. माझ्यामागं त्या कपाटात टॉवेल कोण ठेवणार आहे?"

डेरेक वर गेला, एक टॉवेल घेऊन खाली आला आणि तिच्या खांद्यांवर पांघरला. टॉवेल चांगला गरम होता आणि पार चुरगळलेला.

"मी ठेवीन," तो म्हणाला.

ब्रेंडानं टॉवेल गालाला लावला, मग हातात घेऊन उलटसुलट बघितला. "असा? हा काय टॉवेल आहे, की भांडी पुसायचं फडकं?"

"मग दाखव ना."

तिनं तो मांडीवर पसरला, लांबीत दुमडला, कडा जुळवल्या, हातानं दाबून सपाट केला आणि उलगडून त्याच्याकडे दिला. डेरेकनं आपल्या जाड बोटांनी घडी घातली. एक कड बाहेर राहिली. तिनं ती बोटानं दाखवली आणि तिचे डोळे भरून आले. डेरेकनं टॉवेल पुन्हा उलगडला.