बेलार्मिनोच्या पायातले गोळे

शर्यतीच्या दिवशी दुपार कलली की डोंगरातल्या तिबासोसा गावाच्या चौकात दुकानादुकानातले रेडिओ मोठे व्हायचे. एदुविना आपल्या टपरीत फेइहोआच्या हिरव्या फळांचा रस गाळता गाळता थांबायची आणि गाळणी तशीच हातात धरून उभी राहायची. समालोचकाचा आवाज हळहळता झाला की पुढचं ऐकायची तिला गरजच नसे.

"आणि श्रोतेहो, आपला बेलार्मिनो... उतरला! सायकलवरून उतरला! पुन्हा तीच मांडी!"

चौकातली माणसं तिच्याकडे बघायची. कोणी चुकचुकायचं, कोणी हसू दाबायचं.

"झालं," ती म्हणायची, आणि शेक द्यायला पाणी तापत ठेवायची.

बेलार्मिनो हा तिचा नवरा. धंद्यानं वेल्डर. गावातली निम्मी फाटकं आणि खिडक्यांचे गज त्याच्या हातचे. बोलायला अगदी मोजका, पण सायकलवर बसला की वेगळाच माणूस. दुइतामाहून निघून, तिबासोसावरून, तोता सरोवराला वळसा घालून मेंढ्यांच्या घाटमाथ्यावर संपणारी हौशी लोकांची ती लांबलचक शर्यत त्यानं तरुणपणापासून एकदाही चुकवली नव्हती. आणि एकदाही पुरी केली नव्हती. शेवटचा घाट लागला की त्याच्या मांडीत असा गोळा यायचा, की धडधाकट गडी रस्त्याच्या कडेला आडवा होऊन आईला हाका मारायचा. मग मागून थकल्याभागल्यांना गोळा करत येणारी गाडी यायची. तिला सगळे झाडूगाडी म्हणत. तिच्यात बसूनच तो माथ्यावर पोचायचा आणि मागच्या दारानं उतरून गुपचूप घरचा रस्ता धरायचा.

नवऱ्याच्या या दुखण्याशी एदुविना लग्नापासून झुंजत होती. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात तिचं स्वयंपाकघर म्हणजे दवाखाना होई. मीठ चोपडून उकडलेले छोटे बटाटे, केळी, पेरूच्या वड्या, लिंबू पिळलेलं गुळाचं पाणी, बैलाच्या खुरांचा चिकट रस्सा. कोणी सांगितलं, लोणच्याचं पाणी प्यायला द्या, तर तिनं गाजर-मिरचीच्या बरणीतलं आंबट पाणी गाळून दिलं. बेलार्मिनोनं ते डोळे मिटून प्यायलं आणि वर अख्खं केळं तोंडात कोंबलं. तिनं त्याच्या चड्डीच्या आतून देवमातेचं पदकही शिवलं होतं. गोळा नेमका त्या पदकाखालीच आला.

कुस्तोदियो हा बेलार्मिनोचा बालमित्र. त्यांच्या मुलीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता, म्हणून एदुविनाचा कोंपाद्रे, आणि ती त्याची कोमाद्रे. एकेकाळी तोही शर्यती मारायचा. आता शर्यतीबरोबर जादा चाकं घेऊन जाणारी सायकल क्लबची गाडी चालवायचा आणि पोरांचे पाय चोळून द्यायचा. उसाच्या दारूत झाडपाला मुरवून त्यानं एक तेल केलं होतं.

"कोंपाद्रे, तुमच्या तेलाचा काही उपयोग नाही," एदुविना म्हणायची.

"तेल उत्तम आहे, कोमाद्रे. तुमच्या नवऱ्याची मांडी नास्तिक आहे, त्याला मी काय करू?"

शेवटी एका वर्षी ती आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई स्वतः सायकल चालवणाऱ्या होत्या. त्यांनी बटाट्यांपासून पदकापर्यंत सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मीठ-पाणी चालू ठेवा, बटाटेही चांगलेच. तहान लागेल तसं थोडं थोडं पीत राहू दे. पण ताई, सवयीपेक्षा जास्त जोर लावला की दमलेला स्नायू रुसतो. अमुक खाल्लं म्हणून तो रुसवा जाईलच असं नाही. ते सुरुवातीला कुठे फार जोर लावतात का?"

"छे! माझा नवरा मुंगीसारखा एका चालीनं चालवतो, ना कमी ना जास्त."

"तुम्ही बघितलंय?"

तिनं बघितलं होतं ते फक्त चौकातून जाताना. शर्यतीच्या दिवशी टपरीवर झुंबड, तिला हलता येत नसे. बेलार्मिनो दर वर्षी चौकात सगळ्यांच्या आधी, एकटा, वाऱ्यासारखा यायचा. ती पातेल्याचं झाकण पळीनं बडवायची, बाया ओरडायच्या, "एदुविना, तुझ्या नवऱ्याला पंख फुटले गं!" आणि तो गेला की पुढचा तासभर ती गिऱ्हाइकांना रस जास्तच भरून द्यायची. शर्यतभर तो याच एका चालीनं चालवत असेल, असं तिनं धरून टाकलं होतं.

त्या वर्षी तिनं टपरीवर बहिणीला बसवलं आणि नवऱ्याला काही न सांगता कुस्तोदियोच्या गाडीत जाऊन बसली.

दुइतामा सुटल्यावर बेलार्मिनो खरंच मुंगीसारखा होता. घोळक्याच्या मधोमध, वाऱ्याच्या आडोशाला, हात सैल सोडून. मधेच त्यानं बटाटा काढून खाल्ला. एदुविनाला फार समाधान वाटलं. मग तिबासोसाचा चढ लागला आणि त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तो पायांवर उभा राहिला, मान खाली घातली आणि घोळक्यातून गोळीसारखा सुटला. बाकीच्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. एकानं तर हात हलवून निरोप दिला.

"अहो, हे काय करताहेत?"

"दर वर्षी हेच करतो."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. झाकण बडवणाऱ्या तुम्हीच ना?"

कुस्तोदियोनं गाडी घोळक्याच्या पुढे काढली. चौकात बेलार्मिनो पहिला शिरला. डावीकडे टपरीकडे त्यानं मान वळवली. तिथे मेहुणी. त्यानं पुन्हा वळून बघितलं, पार वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. मग त्याचे पाय मंदावले. घोळका आला, त्याला पोटात घेऊन पुढे गेला. मागून गाडीच्या काचेतून एदुविना हे सगळं बघत होती.

त्या दिवशी गोळा घाटापर्यंतही थांबला नाही. सरोवराच्या काठच्या कांद्याच्या मळ्यांपाशीच दोन्ही मांड्या आखडल्या. गाडी पोचली तेव्हा तो पातीच्या वाफ्यात उताणा पडला होता. कुस्तोदियोनं त्याचा पाय सरळ करून चवडा मागे रेटला, एदुविनानं डोकं मांडीवर घेतलं.

"तुम्ही चौकात नव्हता," तो कण्हत म्हणाला. "मला वाटलं, बरं नाही की काय."

"मी गाडीत होते. सगळं बघितलं. त्या चढावर काय भूत शिरलं होतं तुमच्यात?"

त्यानं तोंड कांद्याच्या पातीकडे वळवलं.

"बोला की!"

"पहिल्यांदा आलो होतो ना, लग्नाआधी..." त्यानं दात आवळले, "तेव्हा चौकात मी पहिला होतो. तुम्ही हातातलं काम टाकून वर बघितलंत. दहावा आलो असतो तर बघितलं असतंत?"

"तुझ्याकडे कसली बघते?" कुस्तोदियो म्हणाला. "मागून आइस्क्रीमवाला येत होता."

"कोंपाद्रे, तुम्ही पाय धरा नि गप बसा!" एदुविना ओरडली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. इतकी वर्षं ती एका हातानं त्याला बटाटे चारत होती आणि दुसऱ्या हातानं झाकण बडवत होती.

वर्षभर ती त्या गोष्टीवर काही बोलली नाही. मात्र रविवारी तो सरावाला निघाला की म्हणायची, "आज घाटापर्यंत जाऊन या. लांब जा, पण हळू जा. जेवायला मी थांबते." तो जाऊन येई. सुरुवातीला अंधार पडायच्या बेताला, मग हळूहळू उन्हं असताना.

शर्यतीच्या सकाळी त्याच्या पाठीच्या खिशात बटाटे भरताना तिनं सांगितलं, "मी आज चौकात नाही."

"मग?"

"घाटातल्या शेवटच्या वळणावर. कुस्तोदियो सोडणार आहेत."

"तिथे? तिथे काळं कुत्रं नसतं. गारठून जाल."

"रुआना घेतलीय, जाड लोकरीची. तुम्ही कितवे येता त्याचं मला काही नाही. तिथवर या म्हणजे झालं."

त्या दिवशी बेलार्मिनो तिबासोसाच्या चौकातून घोळक्याच्या मधोमध गेला. कोणाला दिसलाही नाही. ज्यांना दिसला ते ओरडले, "म्हातारा झालास रे!" त्यानं मान वर केली नाही, फक्त बाटली काढून दोन घोट प्यायला.

वळणावर वारा कापत होता. एदुविना रुआना कानापर्यंत ओढून उभी होती. खाली कांद्याचे हिरवे चौकोन आणि त्यापलीकडे राखाडी पाणी. पहिले चार तरुण गेले, मग बराच वेळ कोणीच नाही. मग सात-आठ जणांचा घोळका, त्यातही तो नाही. तिनं रस्त्यावरून खाली नजर लावली. कुठल्या तरी कडेला आडवा पडला असेल, या विचारानं तिचेच पाय आखडायला लागले.

तेवढ्यात वळणाखालून बेलार्मिनोची हिरवी जर्सी दिसली. तोंड आ वासलेलं, गालांवर मिठाचे पांढरे ओघळ. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर त्याची उजवी पोटरी थरथरली, हे तिला तिथूनही दिसलं. तिनं श्वास रोखला. त्यानं घाई केली नाही. गिअर हलका केला, टाच खाली दाबून पाय ताणला, दोनचार फेरे दुसऱ्या पायानंच मारले. थरथर ओसरली.

तिनं बाटली पुढे करायची ठरवली होती, आणि ओरडायलाही काहीबाही ठरवलं होतं. ते सगळं ती विसरली. रुआना सावरत त्याच्या बाजूनं धावत सुटली आणि एवढंच म्हणाली, "आलात! आलात हो!"

"सरका, पडाल," तो धापा टाकत म्हणाला आणि पुढे गेला.

तो कितवा आला ते रेडिओनं सांगितलं नाही, कारण तोवर समालोचक पहिल्या तिघांच्या मुलाखती घेत होता. माथ्यावरची रेघ ओलांडून बेलार्मिनो सायकलवरच थांबला. आजूबाजूला माणसं कुठे कुठे जात होती. त्याला काही सुचेना. तेवढ्यात कुस्तोदियो गाडीतून उतरून धावत आला.

"आता काय करायचं असतं?" बेलार्मिनोनं त्याला विचारलं.

"कशाचं काय?"

"पुरी झाल्यावर. मला ठाऊक नाही, मी कधी केलीच नाही."

कुस्तोदियोला पहिल्यांदाच थट्टा सुचली नाही. त्यानं मित्राच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला तंबूकडे नेलं. तिथे शर्यत पुरी करणाऱ्यांना कोंबडी आणि बटाट्याचं गरम सूप वाढत होते. बेलार्मिनोनं वाडगा घेतला, हुंगला आणि वाढणाऱ्या बाईंना म्हणाला, "आणखी एक द्याल का? घरचं माणूस चालत येतंय."

"एका नंबरला एकच वाडगा, दादा."

"बरं, मग झाकण द्या."

झाकलेला वाडगा एका हातात, दुसऱ्या हातानं सायकल धरून तो घाट पायी उतरायला लागला. पाय लटपटत होते, सूप बोटांवर सांडत होतं. खालून दोन्ही हातांनी रुआना वर धरून एदुविना चढत येत होती, आणि त्याला बघितल्याबरोबर तिनं लांबूनच रागवायला सुरुवात केली, की दमलेल्या माणसानं उतारावर कशाला यायचं ते.