माइक बंद, गाणं चालू

कॉलेजात असताना मी रॉक ऐकायचे, हे मी आयुष्यात इतक्यांदा सांगितलंय की आता ते मलाही खरं वाटतं. वस्तुस्थिती एवढीच, की पुण्यात होस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या मुलीकडे टेपरेकॉर्डर होता आणि मधली भिंत पातळ होती.

पण चेन्नईत मला खोडून काढणारं कोण? पेरुंगुडीत आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते. शाळेत गणित शिकवते, लहानपणापासून व्हायोलिन वाजवते. तिची माणसं मूळ तंजावरकडची मराठी. तिच्या घरी ‘पाहिजे’ला ‘होणा’ म्हणतात आणि माझी मराठी तिला बातम्या वाचल्यासारखी वाटते. माझ्या रॉकच्या बढाया तिने वर्षानुवर्षं निमूट ऐकून घेतल्या होत्या. ऑक्टोबरात एका जुन्या परदेशी बँडचा कार्यक्रम इथल्या बंदिस्त स्टेडियममध्ये ठरला, तोही हॅलोविनच्या संध्याकाळी, तेव्हा ती म्हणाली, “एवढं सांगतेस, तर एकदा दाखव तरी.” आता मागे कशी फिरणार? मी दोन तिकिटं काढली.

जाहिरातीत लिहिलं होतं, भुताखेताचा वेष करून येणाऱ्यांना स्टेजला लागून उभं राहता येईल. मी मॉलमधून कवटीचा काळा टी-शर्ट आणला. दुकानातल्या मुलीने एक साइझ मोठा सुचवला, मी अपमान वाटून लहानच घेतला. डोळ्यांत काजळ ओतलं आणि खाली आले. मैत्रीण सुती साडीत, पायात बूट आणि हातात तो राक्षसाचा मुखवटा. इथे बांधकाम चालू असलेल्या घरावर नजर लागू नये म्हणून टांगतात ना, बटाट्याएवढे डोळे, झुपकेदार मिश्या, हनुवटीपर्यंत जीभ, तो.

“अगं, हे नाही चालत,” मी म्हटलं. “हॅलोविनला त्यांची भुतं लागतात.”

“भूत ते भूत. त्याला काय व्हिसा होणा?”

मेट्रोत मी तिच्यापासून दोन खांब अंतर ठेवून उभी राहिले.

स्टेडियमच्या दारात त्यांची भुतं रांगेत उभी होती. नुकताच पाऊस पडून गेला होता आणि हवा इतकी दमट, की रक्तपिपासूंचे पांढरे चेहरे गळ्यापर्यंत ओघळले होते. एका हडळीची आई तिला फोन करून जेवलीस का विचारत होती. दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने मैत्रिणीचा मुखवटा पाहिला, हसून हात जोडले आणि तिला पुढची वाट मोकळी करून दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, तुमचा वेष?”

मी टी-शर्टवरच्या कवटीकडे बोट दाखवलं. ती ताणून इतकी रुंद झाली होती, की हसरी दिसत होती. त्याने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात मैत्रीण मुखवट्याआडून तमिळमध्ये म्हणाली, “सोडा तिला आत. मी दृष्टीचा राक्षस, आणि ही माझी बिल्डिंग.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पटलं असावं. सोडलं.

बँड बऱ्याच उशिरा उगवला. गायकाचे केस अजून तरुण होते, बाकीचा देह पुढे निघून गेला होता. तो चुकीच्या उच्चारात ‘वणक्कम’ म्हणाला आणि लोकांनी असा गलका केला, जणू त्याने अख्खी तमिळ भाषाच घडवली. सगळ्यांचे फोन वर. समोर जिवंत माणूस असताना तो पुढच्याच्या फोनच्या पडद्यावर पाहण्यात प्रत्येक जण दंग. मीही ओठ हलवत होते. गाण्यांचे शब्द मला येत नव्हते, म्हणून मनातल्या मनात बाराखडी म्हणत होते. शेजारी मैत्रीण मुखवटा कपाळावर सरकवून मांडीवर ताल मोजत होती.

“सगळं चार मात्रांतच आहे ग,” ती कानात ओरडली. “पण तो ड्रमवाला बेताल नाही. बरा आहे.”

चौथ्या गाण्यात गायक धावत आमच्या बाजूला आला आणि वायरीत पाय अडकून पडला. माइक हातातून सुटला, गडगडत आमच्या कठड्यापाशी आला. गाणं मात्र थांबलं नाही. गायक तोंड मिटून गुडघा चोळत बसलेला आणि वर त्याचाच आवाज तार सप्तकात टिपेला पोचलेला.

आणि मग पूर्वीपेक्षा मोठा जल्लोष! मागचा एक रक्ताळलेला मुलगा किंचाळला, “भुताचा आवाज! काय इफेक्ट आहे!”

मैत्रीण खदखदून हसायला लागली. तो मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, “आंटी, हा शोचाच भाग आहे.”

“बाळ,” ती वर्गातल्या आवाजात म्हणाली, “तोंड मिटून गाता येत असेल तर आमच्या शाळेचा शिपाईही गातो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “गप्प बस ग! लोक बघताहेत!”

ती लगेच गप्प झाली. मुखवटा खाली ओढला आणि शेवटपर्यंत बोलली नाही. मी मात्र तिला दाखवायला म्हणून नाचले. त्यानंतरच्या दुसऱ्याच गाण्यात माझा गुडघा धरला, तरी नाचले.

बाहेर आल्यावर गाडीवरचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले वाटाणे, घेऊन आम्ही एका कठड्यावर बसलो. मैत्रीण वाटाणे मोजून खाल्ल्यासारखे खात होती. मग म्हणाली, “मी सोळा वर्षं शिकून एकदा डिसेंबरच्या संगीताच्या सीझनमध्ये वाजवलं. सभेच्या हॉलमध्ये बारा माणसं होती. त्यातली चार कँटीनमधला डोसा तयार व्हायची वाट बघत होती. एकदा सूर लागला नाही, तर त्या चौघांनीही मान फिरवून माझ्याकडे पाहिलं.”

मी माझं सुंडल तिच्या द्रोणात ओतलं. तिने ते खाल्लं.

सोमवारी ऑफिसात पोरांनी विचारलं, कसा झाला? मी म्हटलं, “एक नंबर. तो माइकचा इफेक्ट तर, काटा आला अंगावर.”

त्याच आठवड्यात मी मैत्रिणीकडे गेले आणि म्हटलं, वाजव. ती आधी नाही म्हणाली, मग व्हायोलिनची पेटी काढली. पाऊण तास वाजवत होती. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मी डोळे मिटून मन लावून मान डोलावत राहिले. मधेच तिने गज थांबवला.

“मान चुकीच्या जागी हलते ग तुझी.”

मग उठून दोघींना कॉफी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.