तात्यांचा एक चहा

प्रयोगशाळेत तात्यांचं काम एकच, काचपट्ट्या धुणं. एकतीस वर्षं धुतल्या. येत्या शुक्रवारी निवृत्ती, आणि इतक्या वर्षांत "पट्ट्या झाल्या का?" याखेरीज त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. हे त्यांना लागायचं, पण बोलून दाखवणाऱ्यांतले ते नव्हेत.

संशोधक ताईच्या मात्र नाकातोंडात पाणी जायची वेळ आली होती. प्लास्टिकच्या जातीचे दोन पदार्थ विरघळवून, काचेवर पातळ पसरून ती उन्हापासून वीज करणारे सौरघट बनवायची. हे पदार्थ म्हणजे एका घरातल्या दोन जावा. शेजारी असल्या तरच वीज तयार होते. फार दुरावल्या की होत नाही, आणि फारच गुंतल्या तर झालेल्या विजेला बाहेरची वाट सापडत नाही. पडलेल्या उन्हातून किती वीज मिळते, तो आकडा चार वर्षांत अडीच टक्क्यांवरून हलला नव्हता. आता शेवटच्या बारा पट्ट्या. त्याही फसल्या तर विषय बंद, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी बजावलं होतं.

सोमवारी नेमका फोन आला. "तात्या, पट्ट्या ओल्या आहेत, लक्ष ठेवा हं," म्हणत ताई बाहेर पळाली. लक्ष ठेवा म्हणजे तात्यांच्या लेखी झाकण ठेवा. धुळीशी त्यांचं जन्माचं वैर. प्रत्येक पट्टीवर काचेची बशी पालथी घालून ते व्हरांड्यात चहाला गेले.

परतल्यावर ताईने कपाळावर हात मारला. "तात्या! उघड्यावर मिनिटात सुकतात त्या. झाकल्यात कशाला?"

तात्यांचं तोंड एवढंसं झालं. जाता जाता पोरीच्या कामावर पाणी फिरवलं, म्हणून घरी त्यांना घासही गोड लागेना.

बुधवारी मोजणी झाली. चार टक्के! ताईने तीनदा मोजलं, तरी चारच. झाकणाखाली सावकाश सुकताना दोन्ही जावांनी आपापली जागा धरली होती आणि मधली वाट मोकळी सोडली होती.

ती वही घेऊन धावत आली. "किती वेळ झाकल्या होत्या?"

"घड्याळ कोण बघतंय? एक चहा."

"म्हणजे पाच मिनिटं?"

"छे! माझा चहा. कप धुऊन होईपर्यंत."

गुरुवारी सरांसकट सगळे स्टॉपवॉच घेऊन व्हरांड्यात जमले. "असे टक लावून बघू नका हो, घाई होते," तात्या वैतागले. बावीस मिनिटं भरली.

शुक्रवारी निरोपाची भाषणं झाली. तात्यांनी एकही ऐकलं नाही. ते मांडीवर ताईची वही उघडून बसले होते. त्यात ताईच्या अक्षरात होतं: झाकण, बावीस मिनिटं, म्हणजे तात्यांचा एक चहा. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना काही विचारलं होतं, आणि उत्तर लिहूनही घेतलं होतं.