बोट बाहेर

रेंजवर तिला सगळे मास्तरीण म्हणत. समोर 'बाई', पाठीमागे 'मास्तरीण', आणि फार बोलणी खाल्लेली असली की आणखी काहीबाही. बँकांच्या दारात बंदूकधारी पहारेकरी पुरवणारी एक कंपनी होती. त्या पहारेकऱ्यांना पिस्तूल चालवायला शिकवायचं आणि वर्षातून एकदा त्यांची परीक्षा घ्यायची, हे तिचं काम. पत्र्याची लांबट शेड, टोकाला मातीचा उंच बांध, बांधापुढे कागदी टार्गेटं, आणि जळक्या दारूचा खवट वास. तो वास केस धुतले तरी जात नाही, उशीलासुद्धा लागतो.

नवी तुकडी आली की बाई शिकवणार म्हणून एकदोघं हमखास फिदीफिदी हसत. ती हसू द्यायची. मग त्यातल्याच एकाला पुढे बोलवायची आणि खऱ्या काडतुसांत एक नकली मिसळून त्याच्या हातात पिस्तूल द्यायची. नकली आलं की बार होत नाही, धक्का बसत नाही. पण गड्यानं धक्क्याची धास्ती आधीच घेतलेली असते, त्यामुळे पिस्तूल आपसूक खाली मान टाकतं. सगळ्यांच्या देखत.

"काय दादा, बार झालाच नाही की! मग दचकलात कशाला?"

त्यानंतर कोण हसतंय? सगळे शहाण्यासारखे कान देऊन ऐकत.

उभं राहायच्या दोन तऱ्हा ती शिकवायची. एक त्रिकोण. छाती सरळ समोर, पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे जरा सैल, दोन्ही हात ताठ पुढे. वरून पाहिलं तर छाती आणि हात मिळून त्रिकोण दिसतो. दुसरी तिरकी. डावा पाय पुढे, अंग वळवलेलं, उजव्या हातानं पिस्तूल पुढे रेटायचं आणि कोपरात वाकलेल्या डाव्या हातानं ते मागे ओढायचं, म्हणजे त्या ओढाताणीत ते जखडून बसतं. यातली चांगली कुठली, यावरून रेंजवर जेवढी भांडणं झाली तेवढी सासू-सुनांतही होत नसतील. त्रिकोणवाले म्हणत, घाबरलेला माणूस सरळ समोरच तोंड करून उभा राहतो, तर मग शिकवा तेच. तिरकेवाले म्हणत, अरे, असं छाती दाखवत उभं राहायला काय गोळी झेलायचीय?

ती म्हणायची, "तुमच्या अंगाला मानवेल ती चांगली. पण पाय कसेही ठेवा, नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर, त्या नेमाच्या खुंटीवर. माशी स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट पुसट दिसलं तरी चालेल. चाप हळू, सरळ मागे. बार झाल्याचं तुमचं तुम्हालाच नवल वाटलं पाहिजे. आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट बाहेर!"

हे शेवटचं ती ओरडूनच सांगायची. चापाभोवती धातूची कडी असते. नेम धरलेला नसताना त्या कडीत बोट गेलं की परीक्षा तिथंच संपली, मग गुण कितीही पडलेले असोत. रदबदली नाही, 'एवढ्या वेळी जाऊ द्या बाई' नाही.

हा नियम तिचा नव्हे, तिच्या बापाचा. बाप त्याच कंपनीतला सगळ्यात जुना पहारेकरी. त्याच्या उमेदीच्या काळात त्याच्या जोडीदारानं पिस्तूल कमरेच्या म्यानात सारताना बोट आतच ठेवलं आणि स्वतःच्या मांडीत गोळी घालून घेतली. इस्पितळात नेईपर्यंत त्याचं डोकं बापाच्या मांडीवर होतं. पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून बाप या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकेना. साहेबांच्या मागे लागून त्यानं नियम करवून घेतला आणि पहिल्याच वर्षी त्या नियमात स्वतःचा जिवलग दोस्त नापास झाला, तर त्याची बाजूसुद्धा घेतली नाही. दोस्तानं बोलणं टाकलं. बाप म्हणाला, "न बोलेना का. जिवंत आहे ना!"

पहारेकरी त्याला खांब म्हणत. तिरका उभा राहिला की हलायचाच नाही. पोरगी कॉलेजात नापास होऊन घरी तोंड लपवून बसली तेव्हा त्यानंच तिला रेंजवर आणलं. आई कडाडली होती, "पोरीच्या जातीला काय शिकवताय हे? उद्या जावयाला गोळी घालेल!" बाप म्हणाला, "जावई बघून ठरवू." पोरगी शिकली, आणि बापापेक्षा सरस निघाली. ती मास्तरीण झाली त्या दिवशी आनंदानं फुगलेल्या त्या माणसानं ओळखीच्याच काय, अनोळखी माणसांनाही थांबवून थांबवून सांगितलं.

आणि मग त्याचा हात थरथरायला लागला.

आधी पेला हिंदकळायचा. मग सदऱ्याचं बटण लागेना. मानेतली नस दबलीय, वयानं होतं असं, डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या. ती वर्षभर त्याच्या मागे लागली होती, "बाबा, पुरे झालं आता. सोडा नोकरी." तो म्हणायचा, "आणि करू काय? तुझ्या आईच्या हाताखाली भाजी निवडू?" वरवर थट्टा, पण तिला कळत होतं. पट्टा कमरेला बांधला की तो माणूस असायचा, आणि पट्टा खुंटीला लागला की नुसता म्हातारा.

परीक्षा तोंडावर आली. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. भला माणूस. म्हणाले, "बापाची परीक्षा लेकीनं घेऊ नये. बाहेरून कुणी मागवतो." तर खांबच भडकला. "परक्याच्या हाताखाली मी उभा राहणार नाही. माझी पोर घेईल. आणि सूट देणाऱ्यातली नाही ती, माझी पोर आहे!"

मग सुट्टीच्या दिवशी दोघंच रेंजवर जाऊ लागली. तिच्या ध्यानात आलं की त्याची लाडकी तिरकी तऱ्हाच त्याच्या मुळावर उठलीय. एका हातानं रेटायचं, दुसऱ्यानं ओढायचं, त्या ताणानं थरथर दुप्पट व्हायची. "बाबा, त्रिकोण करा. दोन्ही हात सरळ. ओढायचं नाही, रेटायचं नाही, नुसतं धरायचं."

"जित्याची खोड आहे बाई ही."

"त्या म्हणीचं पुढचं मला नका ऐकवू. पाय सरळ करा आधी."

कोण हसलं दोघांतलं आधी, कुणास ठाऊक. पण ते दिवस फार चांगले गेले. त्याचा डावा पाय सवयीनं पुढे यायचा, ती आपल्या बुटानं तो मागे ढकलायची. लहानपणी त्यानं तिला असंच ढकललं होतं. "मास्तर आता तू," तो म्हणायचा, "छडी तेवढी नको." हळूहळू जमलं. थरथर गेली नाही, पण छाती आणि हात मिळून ती अंगात जिरायला लागली. भोकं टार्गेटच्या मध्याकडे सरकली. घरी जाताना तो शीळ घालत गेला.

परीक्षेला सगळे जमले. खांबाची परीक्षा म्हणून ज्यांची नव्हती तेही येऊन बाकांवर बसले. साहेब दुर्बीण लावून टार्गेट बघत होते. ती बापाच्या उजव्या हाताला, जरा मागे, परीक्षकानं उभं राहायचं तिथं. तो त्रिकोणात उभा राहिला तेव्हा बाकांवर कुजबुज झाली, "आयला, खांबानं पार्टी बदलली!" त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबला. एकेक गोळी झाडली. शेवटची झाली तेव्हा साहेबांनी दुर्बिणीतून डोळा न काढताच ओरडून सांगितलं, "पास! वर चार गुण जास्तच!" टाळ्या पडल्या.

टाळ्या चालू असताना त्यानं पिस्तूल खाली घेतलं आणि म्यानाकडे नेलं. बोट कडीत होतं. चापावर.

त्यात अजून एक गोळी असते. परीक्षेची तशी रीतच होती, भरलेलं पिस्तूल म्यानात घालून दाखवायचं. त्याचं तोंड त्याच्याच मांडीकडे वळलेलं, आणि हात थरथरत होता.

"थांबा!" ती किंचाळली आणि पुढे होऊन त्याचं मनगट धरून पिस्तूल बांधाकडे फिरवलं. टाळ्या बंद पडल्या. तो वळून बघायच्या आत तिनं पिस्तूल काढून घेतलं.

"काय झालं?"

"बोट आत होतं."

"कुणाचं?" त्याला खरंच कळेना.

"तुमचं, बाबा."

तो हसला. मग हसायचा थांबला. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. साहेब टार्गेट बघत होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. बाकांवरच्यांना पाठ दिसत होती. पाहिलं होतं फक्त तिनं.

"बाहेर होतं," तो म्हणाला. "साहेब, बाहेर होतं. मला कळत नाही होय?"

साहेब तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं: बाई, अजून वेळ आहे, चुकून वाटलं म्हण, मी कागद पुढे सरकवतो. ती म्हणाली, "आत होतं. नापास." आणि तोंड फिरवलं, कारण पुढचं कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

खांबानं पट्टा सोडला, बाकावर ठेवला आणि एकटाच घरी गेला.

आता जगाचं तोंड कुणी धरलंय? कुणी म्हणालं, बापाला घरी बसवायचंच होतं तिला, वर्षभर सांगत होती की. कुणी म्हणालं, खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात. तिनं ऐकून घेतलं. तिला वाटलं, बाप चिडेल, चार दिवस बोलणार नाही, मग येईल जाग्यावर. पण आईचा फोन आला तो वेगळाच. "जेवत नाहीत गं. झोपत नाहीत. तो हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. तुझ्या पोरीला परवा जवळ घ्यायला दिलं तर नको म्हणाले."

ती दुपारी गेली. आई स्वयंपाकघरात होती. बाप खिडकीपाशी खुर्चीवर बसलेला, दाढी वाढलेली. आईनं चहा आणून त्याच्या हातात दिला. स्टीलचा पेला, नुकताच उकळून ओतलेला. वाफ निघत होती. त्यानं पेला उजव्या हातात धरला, चाप ओढायचं ते बोट पेल्याला सपाट टेकलेलं. ती बघत राहिली. इतर बोटं चाळवत होती, काठ शोधत होती. ते एक बोट चिकटून राहिलं, लालबुंद होईस्तोवर. चटका बसल्याचा त्याला पत्ताच नव्हता. तिनं उठून पेला काढून घेतला आणि खिडकीत ठेवला. "गार होऊ दे," म्हणाली.

"बस," तो म्हणाला. "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"बोट खरंच आत होतं?"

तिनं खिडकीतला पेला आणखी आत सरकवला.

"आत असेल तर..." त्याचा आवाज चिरकला. "तर ते मला कळलं नाही. मग आधी किती वेळा असेल? त्या बँकेच्या दारात शाळेची पोरं खेटून जायची. म्यानावर हात ठेवून उभा असायचो मी. किती वेळा काढलं, घातलं. मी त्याला नापास होऊ दिलं, माझ्या दोस्ताला, मान वर करून. आणि मीच जर... मी डोळे मिटले की एकेक दिवस आठवतो, आणि एकाही दिवसाची खात्री देता येत नाही मला. माझं आयुष्य काय होतं मग? नशीब म्हणून कुणी मेलं नाही, एवढंच?" तो रडायला लागला. आयुष्यात तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. "सांग पोरी. बोट आत होतं का?"

खरं काय ते खिडकीत वाफाळत होतं. त्याचा पट्टा आता गेलाच होता, तो परत यायचा नव्हता; यापुढे त्या हातात कुणी पिस्तूल देणार नव्हतं. उरलं होतं ते मागचं आयुष्य, आणि तेही त्याच्या डोळ्यांदेखत नासत चाललं होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "बाहेरच होतं. मी खोटं बोलले."

त्यानं वर पाहिलं.

"तुम्ही ऐकत नव्हता ना. मला भीती वाटायची तुमच्या जिवाची. म्हणून म्हटलं, असं तरी बसाल घरी."

आधी त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तिनं ते उतरताना पाहिलं. तोंडानं मोठा श्वास घेतला त्यानं, पाठ सरळ झाली, डोळे मिटले. मग डोळे उघडले, आणि त्या नजरेसमोर तिला बसवेना.

"भर रेंजवर," तो सावकाश म्हणाला. "सगळ्यांसमोर. त्या नियमावरून. जो नियम मी... तुला ठाऊक होतं तो नियम कशावरून झाला ते."

"हो."

"ऊठ. चालती हो. मी मेलो तरी येऊ नकोस."

आई दारात येऊन उभी होती, हात ओले. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वाटेतून बाजूला तेवढी झाली.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आवाज कोरडा. "जेवले काल. झोपलेही. सकाळी दाढी केली. तुला शिव्या घालतात."

"घालू देत. आई, त्यांच्या हाताला पुन्हा डॉक्टरकडे ने. थरथर वाढलीय म्हणून सांग, दुसरं काही बोलू नकोस. आणि चहा जरा निववून देत जा."

"ते मी बघेन." मग आईला राहवलं नाही. "असं का केलंस गं? त्यांनी काय वाईट केलं होतं तुझं?"

शेडमध्ये नवी तुकडी येऊन उभी होती. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली.