पान अकरावरचा फरक

हे बाहेर सांगायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. पण आमच्या निलंग्याच्या शाळेतल्या कॉम्प्युटर रूममध्ये रोज काहीतरी नवीन घडतं, आणि पोटात किती ठेवणार?

गायकवाड मॅडम कंत्राटी शिक्षिका. लॅबमध्ये विंडोज जाऊन लिनक्स आलं, तेव्हा त्यांनी स्वतःच पुस्तिका लिहिली. लातूरच्या शिक्षण ऑफिसातल्या साहेबांनी ती पास केली तरच जूनमध्ये त्यांची पुढच्या वर्षाची ऑर्डर निघणार होती. पण हाताला सवय विंडोजची. फाइलच्या पत्त्यात जिथं / हवी, तिथं सगळीकडं \ पडली.

* * *

तोवर चाळीस झेरॉक्स निघाल्या होत्या. दुरुस्ती माझ्याकडं आणि माझ्या बाकावरच्या आफरीनकडं आली. सातव्या प्रतीला व्हाइटनर संपला. मग आफरीननं चुकीच्या रेघेवरच बरोबर रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी आठवीचा अख्खा वर्ग XhomeXmadam टाइप करून बसला!

* * *

पत्ते मॅडमनी स्वतःच्या मशीनवरून उतरवलेले, त्यामुळं प्रत्येकात 'madam'. X च्या जागी / टाकली तरी वीस मशीनवर फाइल सापडेना, फक्त मॅडमच्या मशीनवर सापडे. त्या दिवशीचं प्रॅक्टिकल रांगेनं मॅडमच्या खुर्चीवर झालं. मॅडम उभ्या.

* * *

शेवटी मॅडमनी सॉफ्ट कॉपी माझ्याकडं दिली. मी 'रिप्लेस ऑल' दाबलं. सगळ्या \ च्या / झाल्या.

पान अकरावर विंडोज आणि लिनक्समधला फरक होता. तिथंही दोन्हीकडं / आली. खाली वाक्य तसंच राहिलं: 'हा फरक नीट लक्षात ठेवा.'

चाचणीत हाच फरक विचारला होता. पेपर आफरीननं पुस्तिका समोर ठेवून तपासले. सगळ्यांना दोनपैकी दोन.

* * *

साहेब आले आणि नेमकं पान अकरा उघडलं. "मॅडम, दोन्हीकडं सारखंच हाय. फरक काय मग?"

मॅडमचा चेहरा उतरला. मी वर्गात कधी बोलत नाही. पण उभी राहिले.

"सर, मॅडमचं बरोबर होतं. मी बिघडवलं."

साहेबांनी खडू पुढं केला. मी फळ्यावर दोन्ही रेघा काढल्या, खाली नावं लिहिली.  मग साहेबांनी बॅगेतून आपल्या ऑफिसची पुस्तिका काढून एक पान उघडलं, फळ्याशी ताडून पाहिलं आणि हळूच मिटलं.

"मॅडम, जूनमध्ये तुम्ही इथंच हाव. आमची बी तेवढी तपासून द्या."

साहेबांची गाडी गेल्यावर मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की तू आता हे बाहेर कुठं सांगू नकोस, आणि — आई हाका मारायलीय, नळाला पाणी आलंय, मला आधी घागरी भरू दे.