इंग्रजीतला पश्चात्ताप

मागच्या रविवारी फोनवर धाकटीनं थोरल्याला ठणकावलेलं मी ऐकलं: "सॉरी म्हटलं ना, मग संपलं!" संपलं म्हणे. मी याहून पुष्कळ चांगल्या भाषेत एकदा माफी मागितली होती, दोन पानं भरून, व्याकरणाची एक चूक न करता. आणि काहीही संपलं नव्हतं. ते कसं, हे तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहून ठेवते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आताचा वाशीम जिल्हा तेव्हा अकोल्यात मोडायचा. कारंज्याच्या बाजूला मिशनचं एक आवार होतं. मुलींची शाळा, तिचं बोर्डिंग आणि एक बसकं देऊळ, म्हणजे चर्च. मी विशीची, तिथे शिक्षिका. इंग्रजी घेऊन इंटर झालेली त्या आवारात मी एकटीच, आणि हे कोणी विसरणार नाही याची मी काळजी घेत असे.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला घ्यायचा विधी, तीन महिन्यांतून एकदा होई. त्याच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा. त्या सभेत ज्यानं त्यानं उठून आपलं पाप सांगायचं आणि पश्चात्ताप करायचा. तुम्हाला वाटेल, काय गंभीर प्रकार असेल. छे! एक बाई शेजारणीवर राग धरल्याचा पश्चात्ताप करी आणि तेवढ्यात शेजारणीचे सगळे दोष सांगून टाकी. मंडळीचे मोठे पंच तर दर खेपेला खिशातून तंबाखूची डबी काढून टेबलावर आपटत. "आजपासून सुटलो, मंडळी!" म्हणून हुंदके देत. बायका डोळे पुसत. सोमवारी पंचांचा गाल पुन्हा फुगलेला. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, कपाटात त्या डब्यांची रांग लागली होती. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात हसत असे. मला वाटे, पश्चात्ताप कसा करावा हे या लोकांना कुणीतरी शिकवायला हवं.

प्रभुभोजनाला द्राक्षरस लागतो. आमच्याकडे द्राक्षं कुठली! वाशीमहून काळ्या मनुका यायच्या. बोर्डिंगची स्वयंपाकीण, जिला सगळे मावशी म्हणत, त्या मनुका भिजवून, कुस्करून, उकळून फडक्यातून गाळून रस करी. मनुकांचा डबा माझ्या खोलीलगतच्या कोठीत असे. चाब्या मावशीकडे, पण दिवसभर कोठी उघडीच असे. त्या वर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, म्हणजे माणसानं जिभेला आवर घालायच्या दिवसांत, मी त्या डब्यात हात घातला. एक मनुका म्हणजे काही चोरी नव्हे, असं मी स्वतःला इंग्रजीत समजावलं. इंग्रजीत मला पुष्कळ गोष्टी पटत. मग वही तपासता तपासता रोज मूठभर. डबा अर्ध्याच्या खाली गेला.

ईस्टरला पेल्यातून जो फिरला तो रस नव्हता, गढूळ पाणी होतं. दुसऱ्याच दिवशी पंच बसले आणि मावशीला पुढे उभं केलं.

"मनुका कुठं गेल्या?" मोठ्या पंचांनी विचारलं.

"डब्यात व्हत्या तेवढ्या मी घातल्या, दादा."

"पोहरादेवीच्या जत्रेले तुह्या माह्येरच्या गाड्या चालल्या व्हत्या. इथं विहिरीवर थांबल्या. तूच देल्या असतीन प्रसादाले."

"थे लोक माह्या हातचं पानीबी घेत नाई, दादा. मनुका घेतीन?"

हे खरं होतं आणि आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मावशी ख्रिस्ती झाल्यापासून माहेरानं तिला टाकली होती. जत्रेच्या वाटेवर तिचा म्हातारा बाप गाडीतून उतरे, निंबाखाली उभा राहून दुरून लेकीकडे पाही आणि पुन्हा गाडीत बसे. एवढंच. पण एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. ठरलं असं: मावशीकडच्या कोठीच्या चाब्या काढून पंचांच्या बायकोकडे द्यायच्या. पुढच्या तयारीच्या सभेत तिनं पाप कबूल केलं तर ठीक, नाहीतर तिनं आवार सोडायचं. तोवर तिला प्रभुभोजन बंद. आणि या सभेचं टिपण कोण लिहीत होतं? मीच. माझं अक्षर सुरेख होतं ना! 'स्वयंपाकीणबाईस संधी देण्यात आली,' असं मी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आवार सोडून ती जाणार कुठे, हा विचार मला दोन दिवस टोचत राहिला. तिसऱ्या दिवशी मी पश्चात्ताप केला. डबी आपटणाऱ्यांसारखा नव्हे, सुशिक्षित माणसासारखा. मिससाहेबांना, म्हणजे शाळेच्या गोऱ्या मुख्याध्यापिकेला, मी इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यांनी ते वाचलं, माझा हात हातात घेऊन प्रार्थना केली आणि चहा दिला, सोबत बिस्किटही. देवानं माफ केलं आहे, म्हणाल्या. हे आणखी कोणाला सांगायची गरज नाही, मुलींसमोर शिक्षिकेचा मान राहायला हवा, असंही म्हणाल्या. मला ते फार पटलं.

मी हलक्या पावलानं बोर्डिंगात आले. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. माझं मन इतकं भरून आलं होतं की मी थांबून म्हटलं, "मावशी, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते हं."

"करा ना, बाई. बसल्या बसल्या तेवढं होते." तिनं मान वर केली नाही. "मनुकाच्या बिया मातर खाटेखाली नका टाकत जाऊ. झाडूत अटकतेत."

"तुम्हाला माहीत होतं? मग पंचांपुढे बोलला का नाहीत?"

"माह्यं कोन आयकते? अन् तुमी तं तिथंच लिहून राह्यल्या व्हत्या. म्हटलं, आता कलम थांबतीन, मंग थांबतीन."

"मी मिससाहेबांना सगळं सांगितलं आहे. त्यांनी माफ केलं."

"थिचं काय गेलं व्हतं?" मावशीनं सुपातला खडा काढून फेकला. "बरं. मंग माह्या चाब्या कधी भेटतीन?"

वह्या तपासायच्या आहेत, असं सांगून मी खोलीकडे वळले.

लगेच उठून मी पाळकसाहेबांकडे गेले असेन, असं वाटतं ना तुम्हाला? आजी आहे म्हणून इतकं चांगलं समजू नका. पुढची सभा यायला जवळजवळ तीन महिने होते, ते सगळेच्या सगळे मी वापरले. रोज उद्या सांगू म्हटलं. मावशी रोज माझ्या ताटात भाकर वाढी.

सभेच्या शनिवारी पंचांनी डबी आपटली, रडून घेतलं, नाक पुसलं आणि मावशीकडे वळले. "ऊठ, बाई. आता तरी कबूल कर." मावशी उठली. मग मी उठले. मनात घोटलेलं भाषण आठवलंच नाही, ते बरं झालं. "मनुका मी खाल्ल्या," मी म्हटलं. "चाळीस दिवस खाल्ल्या. मावशींवर आळ घेतला तेव्हा मी गप्प बसून टिपण लिहिलं. त्यांच्या चाब्या त्यांना द्या."

आणि मग पंचांना पुन्हा रडू फुटलं! "पाहा, मंडळी, शिकलेली पोर कशी लीन झाली!" कुणी तरी गीत सुरू केलं. दोन बायकांनी मला जवळ घेतलं. मावशीला चोर ठरवून जवळजवळ तीन महिने चाब्यांपासून आणि प्रभुभोजनापासून दूर ठेवलं होतं, तिला 'चुकलं' एवढंही कोणी म्हटलं नाही. गीताचं तिसरं कडवं चालू असताना मावशी गर्दीतून पंचांच्या बायकोपर्यंत गेली आणि हात पुढे केला.

"आन."

पंचांच्या बायकोनं कमरेच्या चाब्या सोडून दिल्या. दुसऱ्या दिवशी मावशीनं भाकरीचा तुकडा आणि पेला घेतला. मी पाळकसाहेबांना म्हटलं, मलाही तेवढीच बंदी घाला. ते गोंधळले. शिक्षिकांसाठी तशी पद्धत नाही, म्हणाले. मी आपणहून बाहेर बसले. लोकांनी ठरवलं, बाईंचं पोट बिघडलं असेल.

मावशीनं मला माफ केलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनं तिचं तिचं ठरवलं. पुढच्या खेपेला मनुकांचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "देठं तुमी काढा. अन् गीत म्हना. थांबू नका, मी आयकून राह्यलो. तोंड चालू असलं का मनुका जात नाई."

त्या आवारात असेपर्यंत, वर्षातून चार वेळा, मी चुलीपाशी बसून बेसूर आवाजात गीत म्हणत देठं काढली. श्वास घ्यायला थांबले की मावशी मागे वळून पाही. देवळाच्या पायरीवर बसलेल्या पंचांना ते ऐकू जाई. एका तयारीच्या सभेत, डबी आपटायच्या आधी, त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आमच्या बाईंची भक्ती पाहा, स्वयंपाकघरातसुद्धा देवाचं नाव सोडत नाहीत.