थंड जागेत ठेवा

आमच्या आयला कुणी आळशी म्हटलं तर मी भांडायला उभी राहीन. डहाणूच्या बाजारात मासळी विकून तिने आम्हाला वाढवलं. साखरेसाठी इन्सुलिन सुरू झालं तेव्हाही तिने कधी टाळाटाळ केली नाही. पोटाची चिमूट धरून स्वतःच टोचायची, रोज जागा बदलायची, टोचलं की ताट घेऊन बसायची. मी तलासरीला दिलेली. माहेरी गेले की ते बघून माझ्याच अंगावर काटा यायचा.

दवाखान्यात तिला सांगितलं होतं, बाटली थंड जागेत ठेवा. झालं. आम्हा मासळीवाल्यांत थंड म्हणजे बर्फ. घरी फ्रिज नव्हता, पण पापलेटची थर्माकोलची पेटी होती. आयने बाटली पिशवीत गुंडाळून बर्फात पुरली, वर मूठभर मीठ टाकलं. मिठाने बर्फ आणखी गार पडतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तरी साखर उतरेना. डॉक्टर म्हणाले, "मावशी, चोरून चिकू खाताय ना?" अहो, तिने घोलवडचा चिकू हुंगणंसुद्धा सोडलं होतं. बिचारी मान खाली घालून ऐकून घ्यायची. डोस वाढवला, परत वाढवला. त्यातच पायाला जखम झाली, ती काही भरेना. शेवटी घोट्याच्या वरून पाय कापावा लागला.

ऑपरेशननंतर घरची बाटली मी इस्पितळात नेली. तिथल्या सिस्टरने ती उजेडात धरली, तर आत गुठळ्या. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हे गोठलंय. एकदा गोठलं की औषधात दम राहत नाही. फ्रिज नव्हता तर मातीच्या गाडग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यात ठेवायचं, तेवढा गारवा पुरतो."

गाडगी काय, घरात पडलेली होती. असा संताप आला मला. इतकी माणसं तिला रागावली, पण मावशी, बाटली ठेवता कुठे, एवढं एकानेही विचारलं नाही. ती हळहळ अजून जात नाही.

आय आता दारात बसून असते. परवा मला म्हणाली, "औषधच नासकं दिलं गं मला. माझ्या बर्फात कधी काही नासलं नाही."

"हो आय," मी म्हटलं, "औषधच नासकं होतं."